याला भाता कुठाय?

"याला भाता कुठाय?" खडे बाजारातल्या दुकानात २५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड दाबून बाबांनी विचारलं. आवाज नाहीच. तो फक्त लॅपटॉपला कळवतो: कुठली पट्टी, किती जोरात.

बाबा भजनात पेटी वाजवतात. डावा हात हवेतच भाता हलवत होता. दोन सप्तकं त्यांना पुरेनात. बटण दाबलं की सप्तक बदलतं, मी म्हटलं. "अभंग रंगात आल्यावर बटण शोधू?"

४९ पट्ट्यांचा घेतला.

रात्री शहापूरच्या घरी त्यांनी पिच बेंडचं चाक हळूच ढकललं. सा वरून रे पर्यंत सूर घसरत गेला. पेटीवर अशी घसरण, म्हणजे मींड, निघत नाही. हेडफोन लावून, डोळे मिटून, ते तेवढंच करत बसले.

इतकी वर्षं ही मींड त्यांनी कुठं ठेवली होती?