तव्याचा काळा रंग, तव्याचा लाल रंग

बिडाचा तवा नवा असला की पहिली घावनं चिकटतात, फाटतात, आणि बोल पिठाला लागतो. पीठ बिचारं निर्दोष असतं. बीड म्हणजे 2 ते 4 टक्के कार्बन असलेलं ओतीव लोखंड. कार्बनमुळे ते लवकर वितळतं आणि साच्यात नीट उतरतं, पण ठिसूळही होतं. म्हणून तर तापल्या तव्यावर गार पाणी ओतलं की तो तडकतो. त्यात पृष्ठभाग खरबरीत. उघड्या लोखंडाला पीठ धरूनच बसतं.

मधे थर हवा, तेलाचा. तवा साबणाने घासा आणि गॅसवर ठेवून पाणी पुरतं उडवा. कोमट असताना अर्धा चमचा जवसाचं तेल चोळा आणि सुती फडक्याने पुसून काढा, इतकं की लावलंच नव्हतं असं वाटावं. मग धूर येईपर्यंत तापवा, गार होऊ द्या. असं चार-पाच वेळा. उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि काळा, टणक लेप बसतो. घाईने जाड तेल थापलं की तवा चिकट राहतो, पुढे पापुद्रे सुटतात. बहुतेक तवे इथेच बिघडतात.

लाल रंगाची गोष्ट वेगळी. गंजाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. मीठ असलं की काम झपाट्याने होतं, कोकणातल्या खिडक्यांचे गज बघा. अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड अंगाला घट्ट बसून आतल्या धातूला राखतो. गंज मात्र मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, फुगतो, सुटतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. थोडा गंज जाड मीठ आणि तेलाने घासून जातो. फार असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, अर्ध्या तासाच्या आत. रात्रभर ठेवलंत तर आम्ल गंज संपवून लोखंडालाच लागतं. नंतर लेप पहिल्यापासून.

आंबटाचं आणि लोखंडाचं तसंही जमत नाही. कढईतली आमटी चिंचेने काळपट होते, जराशी धातूची चव येते. केळफूल लोखंडी विळीवर काळं पडतं त्यातही लोखंडाचा हात असतोच; चिकातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोह मिळून जवळजवळ शाईच होते. पोटात गेलेल्या लोहाचं भय नाही, उलट अंगी लागतं. पण कढईचा लेप उतरतो. तेव्हा चिंच शेवटी घाला आणि आमटी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.