अकरावा मणी

सलग तीन संध्याकाळी एका भुंगेऱ्याच्या मिशीचे मणी, म्हणजे तिचे एकापुढे एक जोडलेले तुकडे, मोजले, तिन्ही वेळा दहाच भरले. दिव्यावर आलेला तांबूस, वाटाण्यासारखा फुगीर भुंगेरा. ओळख-तक्त्यातला प्रश्न साधाच होता: मिशीचे मणी अकरा की दहा? अकरा असतील तर जिओट्रुपिडी, जमीन पोखरणाऱ्यांचं कूळ. दहा किंवा कमी असतील तर स्कॅरॅबिडी, ज्यात शेणकिडे येतात ते कूळ.

बाकी सगळं जिओट्रुपिडीकडेच बोट दाखवत होतं. जबडे वरूनच दिसत होते. शेणकिड्यांत ते डोक्याच्या पुढच्या पट्टीखाली दडलेले असतात. पण मणी दहाच! एका जाणकारांना फोटो पाठवला. आठ दिवसांनी उत्तर आलं, ‘मिशी नीट मोजा.’ एवढंच. मी काय गंमत म्हणून मोजत होतो?

चूक माझीच होती, आणि ती कुठे झाली हे कोणी आधी सांगायला हवं होतं. टोकाचा तीन पानांचा गोल, लव असलेला झुबका ठसठशीत दिसतो, तिथे गफलत होत नाही. झुबक्याच्या अगदी आधीचे मणी मात्र ताटल्यांच्या चळतीसारखे दाबून बसलेले असतात आणि वाळलेल्या किड्यात दोनाचा एकच दिसतो. शेवटी झाकणबंद डबीत ओल्या टिपकागदावर भुंगेरा रात्रभर ठेवला. सकाळी बारीक कुंचल्याने मिशी बाहेर ओढली, पांढरा कागद मागे धरला आणि प्रकाश बाजूने टाकला. चळतीत एक बारीक रेघ उमटली. अकरा! भिंग हातातून पडता पडता राहिलं.

पुढचं पटापट झालं. डोळ्यात अर्ध्यापर्यंत घुसलेली कडा दिसली, म्हणजे जिओट्रुपिडीतलाच बोल्बोसेरसचा गट. (काहीजण त्याला स्वतंत्र कूळच मानतात.) डोक्यावर शिंग नाही म्हणून अडू नका, मादीला बहुधा नुसता कंगोरा असतो, आणि खुज्या नरांचं शिंगही नावापुरतंच. प्रजातीसाठी नराचं जननांग काढून पाहावं लागतं. माझी मादी निघाली, त्यामुळे प्रजाती राहिलीच.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायचं: हे भुंगेरे शेणात शोधत बसू नका. मी बसलो होतो. यातले बरेचसे जमिनीखालच्या बुरशीवर जगतात. युरोपातला बोल्बेलॅस्मस गॅलिकस तर ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी गाठीसारखी बुरशी, खातो. रेताड जमिनीत सरळ खाली जाणारं बीळ आणि तोंडाशी ताज्या मातीची ढिगुळी, ही त्यांची खूण.

जिवंत सापडला तर कानाशी धरा. चिरचिरतो.