म्हाताऱ्या कुत्र्याचे बदललेले वागणे : माझा अनुभव

आमचा टिप्या १३ वर्षांचा झाल्यानंतर त्याच्या वागण्यात जे बदल दिसू लागले, त्यांतला प्रत्येक बदल सुटा पाहिला तर किरकोळ वाटावा असाच होता. रात्री उठून तो घरभर येरझाऱ्या घाली, हाक मारली तरी येत नसे, झोपेत कोणी अंगावर हात ठेवला की गुरगुरे, आणि ज्याने पिल्लूपण सरल्यापासून घर कधी खराब केले नव्हते तो आता स्वयंपाकघराच्या दारात लघवी करू लागला होता. ‘आता वय झाले त्याचे’ असे म्हणून घरातल्यांनी विषय संपवला होता. मला मात्र ते पटेना, कारण ह्या चार तक्रारींचे मूळ एकच असेल असे मानायला काहीच आधार नव्हता.

पशुवैद्यांकडे जाण्यापूर्वी मी एका वहीत नोंदी ठेवल्या आणि रात्रीच्या येरझाऱ्यांचे मोबाइलवर चित्रण केले. ह्या चित्रणाचा फार उपयोग झाला, कारण दवाखान्याच्या टेबलावर कुत्रा भीतीने ताठ उभा राहतो आणि घरी दिसणारे काहीच तिथे दिसत नाही. नोंदी सलग वाचल्यावर एक गोष्ट माझ्याही ध्यानात आली : टिप्या गुरगुरतो तो बहुधा कमरेकडच्या भागाला हात लागल्यावर किंवा कोणी मागून आल्यावर, समोरून येणाऱ्यावर तो सहसा गुरगुरत नाही.

डॉक्टरांनी रक्त आणि लघवी तपासली, रक्तदाब मोजला, दात पाहिले आणि मागच्या पायांचे सांधे एकेक करून हलवून बघितले. मूत्रपिंडाचे विकार, मधुमेह, थायरॉइडची कमतरता, दातदुखी ह्यांपैकी कशानेही म्हाताऱ्या कुत्र्याचे वागणे बदलू शकते, त्यामुळे मेंदूला दोष देण्याआधी ही यादी संपवावी लागते, असे त्यांनी समजावून सांगितले. टिप्याच्या बाबतीत लघवीत जंतुसंसर्ग निघाला आणि कमरेच्या दोन्ही सांध्यांत संधिवात. डोळ्यांतली निळसर झाक मला मोतीबिंदू वाटत होती. ती वयोमानाने भिंगाला आलेली घट्टाई निघाली, जिच्यामुळे दृष्टीला फारशी बाधा येत नाही. ऐकू येणे मात्र बरेच कमी झाले होते, म्हणजे हाकेला न येणारा टिप्या हट्टी झालेला नव्हता.

संसर्ग प्रतिजैविकाने बरा झाला. मूत्रपिंड आणि यकृत ठीक असल्याची खात्री करून मग सांध्यांसाठी कुत्र्यांचे वेदनाशामक सुरू केले, आणि काही आठवड्यांत गुरगुरणे जवळजवळ थांबले. इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते : माणसांच्या औषधांच्या डब्यातले आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल कुत्र्याला आपल्या मनाने कधीही देऊ नये, कारण त्यांनी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. बहिरेपणावर इलाज नव्हता, पण वळण लावता आले. आम्ही आता त्याच्याजवळ समोरून जातो, झोपला असेल तर जवळच्या फरशीवर पाय आपटतो म्हणजे त्याला कंप जाणवतो, आणि स्पर्श करण्याआधी हात नाकाशी धरतो. हातवाऱ्यांच्या खुणा तो ह्या वयातही शिकला, ह्याचे मला कौतुक वाटते.

एवढे सगळे निस्तरल्यावर जे उरले ते खऱ्या अर्थाने मेंदूचे होते. दार उघडायची वाट पाहत टिप्या बिजागरीच्या बाजूला उभा राही. नाक त्या अरुंद फटीत घातलेले, शेपूट हळूहळू हलत असलेली, आणि दुसऱ्या बाजूने दार सताड उघडले तरी त्याला जागचे हलायचे सुचत नसे. सोफा आणि भिंत ह्यांच्या सांदीत तो सहज शिरे. मागे सरकावे हे मात्र तो विसरला होता, त्यामुळे कोणी येऊन कमरेला आधार देऊन वळवीपर्यंत तसाच भिंतीकडे तोंड करून थांबे. ह्या अवस्थेत, म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्यांना होणाऱ्या स्मृतिभ्रंशात, मेंदूत बीटा-ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात आणि माणसांतल्या अल्झायमरशी तिचे बरेच साम्य आहे. निदानासाठी कोणतीही एक ठरावीक चाचणी नाही. इतर कारणे वगळत वगळतच तिथवर पोहोचावे लागते. ती दुर्मीळही नाही : २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ ते १२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५ ते १६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत तिचे किमान एक लक्षण आढळले होते.

डॉक्टरांनी ह्या स्मृतिभ्रंशावरचे सेलेजिलिन नावाचे औषध सुरू केले. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि ट्रॅमाडॉलसारखे वेदनाशामक किंवा नैराश्यावरची काही औषधे त्याच्यासोबत चालत नाहीत, म्हणून टिप्या घेत असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव आम्ही लिहून दाखवले. मध्यम साखळीच्या स्निग्धाम्लांचा (एका प्रकारच्या चरबीचा) विशेष आहारही देऊन पाहिला. त्याने नेमका किती फरक पडला हे मला सांगता येणार नाही, कारण त्याच सुमारास घरातही बरेच बदल केले होते.

माझ्या मते खरा आधार त्या घरातल्या बदलांचाच झाला. सांदी उशा लावून बंद केल्या, सामान हलवणे थांबवले, पाण्याचे भांडे आणि बिछाना ह्यांच्या जागा कायम केल्या, निसरड्या फरशीवर बिछान्यापासून दारापर्यंत रबरी मॅट टाकल्या आणि वाटेत रात्रभर मंद दिवा ठेवला. सकाळी त्याला उन्हात बसवतो, दिवसाची लांबलचक झोप मधूनमधून मोडतो, आणि संध्याकाळी उशिरा हळूहळू फिरवतो. त्या फेरीत अंतर महत्त्वाचे नसते. एकाच झुडपाचा वास घेत तो कितीही वेळ रेंगाळला तरी पट्टा ओढायचा नाही, कारण नाक हे त्याचे सर्वांत शाबूत राहिलेले इंद्रिय आहे. उठल्याबरोबर आणि जेवल्याबरोबर बाहेर नेल्याने घरातल्या लघवीचे प्रमाण घटले. जी होते तिच्यावर ओरडण्यात अर्थ नाही. त्याला संबंध कळत नाही, नुसती भीती वाटते. ती जागा विकरयुक्त (एन्झाइम असलेल्या) द्रावणाने पुसावी, कारण वास राहिला की तो पुन्हा तिथेच येतो.

माणसांच्या झोपेबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही. रात्ररात्र जागून दुसऱ्या दिवशी कामाला जाणारा माणूस चिडतो, आणि ती चीड शेवटी कुत्र्यावरच निघते. आम्ही रात्री वाटून घेतल्या. ज्याची पाळी नसेल त्याने दार लावून झोपायचे, मध्ये उठायचे नाही.

दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी होते, कारण वेदनाशामक दीर्घकाळ चालू आहे. दिनदर्शिकेवर चांगल्या आणि वाईट दिवसांच्या खुणा करण्याची सूचनाही डॉक्टरांचीच. टिप्या भुकेने खातो का, आधाराशिवाय उठतो का, आमच्यापैकी कोणाला पाहून शेपूट हलवतो का, एवढेच पाहून खूण करायची. वाईट दिवस सलग वाढू लागले तर त्याला शांतपणे निरोप देण्याविषयी बोलायला या, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे, आणि त्या वेळी निर्णय कोणी घ्यायचा हेही आम्ही घरात आधीच ठरवले आहे. सध्या महिन्यातले बरेचसे दिवस चांगल्याच खुणेचे आहेत.