गॅलरीतलं ऊन

आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगसमोर टॉवर उभा राहिल्यापासून आमच्याकडे ऊन येतं ते अकराच्या सुमाराला, आणि पाऊण तासात निघूनही जातं, त्यामुळे तेवढ्या वेळात गॅलरीत पापड, उशा आणि मी अशी दाटीवाटी असते.

मला क्रॉनिक फटीग सिंड्रोम आहे, म्हणजे कितीही आराम केला तरी न जाणारा थकवा. थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं बघून झालं, त्यात काही सापडेना, आणि मग एकदाचं व्हिटॅमिन डी आलं 9! घरात काय आनंद झाला म्हणून सांगू, वीसच्या खाली म्हणजे कमीच की, सापडलं एकदाचं!! आई म्हणाली, तरी मी सांगत होते सकाळचं कोवळं ऊन खा. आता आईला कोण सांगणार की कोवळ्या उन्हात डी फारसं बनतच नाही, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन लागतं, आणि स्लायडिंगची काच बंद ठेवून बसलं तर नुसतं गरम होतं, कामाची किरणं काचेतच अडतात.

मग आठवड्याला 60,000 युनिटची पुडी, रविवारी, दुधातून. साय काढायची नाही, हे तुपातेलाबरोबर अंगी लागतं. आठ रविवार झाले, परत टेस्ट, 34. आणि मी? केस धुतले की दुसऱ्या दिवशी आडवी. जरा जास्त केलं की नंतर वसुली, तेच या आजाराचं मुख्य लक्षण, ते तसंच.

नंतर वाचलं, स्कॉटलंडमध्ये अशाच 50 पेशंटपैकी काहींना दर दोन महिन्यांनी एक लाख युनिट डी आणि बाकीच्यांना नुसतं दिखाव्याचं औषध देऊन सहा महिने बघितलं होतं, 2015 मध्ये छापून आलं, थकव्यात फरक नाही. वाचून खरं तर बरंच वाटलं, म्हणजे माझंच काही चुकलं नव्हतं. आणि दिवसभर घरात पडून राहणाऱ्या बाईचं डी कमी येणार नाही तर काय, आधी कोंबडी का अंडं तेच कळत नाही! कमी होतं ते भरून काढलं, हाडांसाठी चांगलंच, पण स्वतःच्या मनाने पुड्या वाढवायच्या नाहीत, रक्तात कॅल्शियम वाढून नवीनच व्याप.

शेजारच्या काकू परवा गॅलरीतून म्हणाल्या, आता किती आलं गं तुझं? जसे काही दहावीचे मार्क. म्हटलं, चौतीस. "अगंबाई, मग आता बरी झालीस की!"

मी पापड उलटत होते. अर्धे उलटले आणि खुर्चीत बसले, उरलेले त्यांनी ग्रिलमधून हात घालून उलटले.