तुम्ही विचारलंत म्हणून: तांदूळ वाटणारी माणसं ग्रामसभेत का बोलतात?

प्रश्न साधारण असा असतो: "पूर आला की चर्चची माणसं तांदूळ, चादरी घेऊन येतात, हे चांगलंच आहे. पण पाऊस ओसरला की तीच माणसं डोंगरकापणी, खाजनातला भराव, मुंडकारांचे दावे असल्या विषयांवर ग्रामसभेत उभी राहतात. मदत करायची तर मदतच करा, बाकीच्या भानगडीत कशाला पडता?" (खाजन म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची सखल शेती. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारा.) गोव्यात डिचोली-सत्तरीकडे हे जास्त विचारलं जातं. तिथे ख्रिस्ती वस्ती तुरळक, त्यामुळे चर्चची माणसं दिसतात ती पुरातच. विचारणारा बहुतेक वेळा मनापासून विचारतो, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. पुराच्या दिवशी जी यादी केली जाते, तीच यादी हातात घेऊन ही माणसं ग्रामसभेत उभी राहतात. त्या यादीत काय असतं हे पाहिलं की बाकीचं आपोआप कळतं.

२३ जुलै २०२१ ला म्हादई नदी पात्र सोडून वाहिली, सत्तरी-डिचोलीत मातीची घरं बसली. त्याआधी २ ऑक्टोबर २००९ ला काणकोणात काही तासांच्या पावसाने गावं चिखलात गेली होती. अशा वेळी कॅथलिक मदतीची साखळी खालून वर जाते. सर्वांत खाली फिर्गज, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. तिथे पाद्री असतो आणि बऱ्याच ठिकाणी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद असतात. ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसात सुरू झाली आणि घरोघरी भेटी देणं हेच तिचं मूळ काम. अंथरुणाला खिळलेलं माणूस कोणत्या घरात आहे, हे त्यांना पुराच्या आधीच ठाऊक असतं. त्यांच्यावर चर्चची मदतसंस्था, म्हणजे पणजीतली कारितास गोवा आणि देशपातळीवर १९६२ मध्ये स्थापन झालेली कारितास इंडिया.

पैसा परदेशातून येतो असा सर्रास समज आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते आणि ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. दिल्लीच्या संस्थेने परदेशी पैसा घेऊन गोव्यातल्या संस्थेला द्यायचा, हा मार्ग बंद झाला. म्हणून पहिल्या आठवड्यातला तांदूळ मुख्यतः इथल्याच पैशांतून येतो: मिसेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळची वर्गणी, दुकानदारांची उधारी, शेजारच्या गावातलं धान्य.

पहिले दोन दिवस कोरडा शिधा देऊ नये. चूल भिजलेली, गॅसचा सिलिंडर वाहून गेलेला, काड्यापेटी ओली. शिधा नुसता पडून राहतो आणि त्याला बुरशी येते. तोवर शाळेत किंवा देवळाच्या सभामंडपात एकत्र स्वयंपाक करावा आणि तिसऱ्या दिवसापासून शिधा द्यावा. माप दरडोई रोज ४०० ग्रॅम तांदूळ, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल. पाच माणसांच्या घराला पंधरा दिवसांसाठी ३० किलो तांदूळ, साडेचार किलो डाळ, दोन लिटर तेल, वर मीठ, साखर, मसाला. तीस किलोचं एकच पोतं देऊ नका. चिखलातून ते बाईमाणसाला नेता येत नाही. पंधरा-पंधराच्या दोन पिशव्या करा. तांदूळ उकडाच हवा. आजारी माणसाला आणि पोराला पेज लागते, आणि सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाची पेज इथल्या जिभेला लागत नाही. साबण विसरला जातो. पाच माणसांना पंधरा दिवसांसाठी अंगाचा सव्वासहाशे ग्रॅम आणि कपड्यांचा अर्धा किलो धरावा.

जुने कपडे मात्र मागवू नयेत. गाठोडी येतात, ती निवडायला दहा माणसं लागतात, निम्मे कपडे कामाचे नसतात आणि उरलेला ढीग शेवटी व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) जातो. त्याऐवजी पैसे मागितले तर त्यांत नवी अंतर्वस्त्रं, टॉवेल आणि बायकांना घरात घालायचा गाऊन येतो, आणि घेणाऱ्याला लाजही वाटत नाही.

विहिरीबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण इथे चूक झाली की मदत करणारेच गाव आजारी पाडतात. पुराचं पाणी विहिरीत शिरलं असेल तर आधी उपसा, पण सावकाश. भोवतालची जमीन पाण्याने तुडुंब असते. विहीर एका दमात रिकामी केली तर बाहेरच्या पाण्याचा दाब चिऱ्यांच्या बांधणीवर येतो आणि कडा आत ढासळतात. पेट्रोलचा किंवा डिझेलचा पंप विहिरीत उतरवायचा नाही. त्याच्या धुराने आत उतरलेला माणूस मरतो.

नव्या पाण्याचं माप काढायचं ते असं: व्यासाचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४, सगळं मीटरमध्ये. आलेल्या आकड्याला हजाराने गुणलं की लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. चांगली ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला ७० ग्रॅम. पावडर थेट विहिरीत फेकण्याची सवय वाईट. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी लगदा करा, पाऊण बादली पाणी घाला, ढवळा आणि पाच-दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, चुना टाकून द्या. ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली, आजूबाजूला हलवा. तासभर थांबा आणि तपासणी संचाने पाहा. लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला दिसला पाहिजे. पिवळा रंग आलाच नाही तर क्लोरीन घाणीनेच खाल्ला असं समजा आणि पुन्हा टाका. ७० ग्रॅम हे स्वच्छ पाण्याचं माप आहे, गढूळ पाण्याला ते पुरत नाही. पावडरीचं पाकीट श्रावणात उघडं राहिलं असेल तर तिच्यातला जोर निघून गेलेला असतो. गाठी धरलेली, वास नसलेली पावडर वापरून मन निर्धास्त करून घेणं सर्वांत धोक्याचं. विहीर होईपर्यंत घरात वीस लिटरच्या कळशीला अर्ध्या ग्रॅमची एक क्लोरीनची गोळी, आणि अर्धा ते एक तास थांबून मगच पाणी प्यायचं.

आता यादीकडे येतो. यादी घर क्रमांकावर केली की चुकते. एका घर क्रमांकात दोन भावांच्या दोन चुली असतात, मागच्या पडवीत विधवा सून वेगळं शिजवते, भाड्याच्या खोलीत झारखंडचे चार मजूर असतात. यादी चुलीवर करावी. अंगणवाडी सेविकेला विचारावं, म्हणजे गरोदर बायका आणि लहान मुलं कळतात. बचत गटाच्या बायकांना विचारावं आणि देवस्थान समितीलाही. मग ती यादी पंचायतीच्या फलकावर उघडी लावावी. दोन दिवस हरकती येतात, थोडी भांडणंही होतात, पण ज्याचं नाव राहिलं तो समोर येतो. यादी पाद्रीच्या किंवा पंचाच्या खिशात राहिली तर तो येत नाही.

यादीला एक रकाना जास्त असतो: घर कोणाच्या नावावर. खरी अडचण तिथे सुरू होते. २०२२ ते २०२६ साठी केंद्राने ठरवलेल्या आपत्ती मदतीच्या निकषांत मैदानी भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये आहेत. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००, तेही किमान १५ टक्के नुकसान असेल तर. राज्य आपल्या पदरचं वर घालू शकतं, पण पंचनाम्यातला 'पूर्ण' की 'अंशतः' हा एक शब्द लाखाचा फरक करतो. आणि मातीची भिंत पुराच्या दिवशी पडतेच असं नाही. ती पाणी पिऊन उभी राहते आणि पाणी ओसरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसते. तोवर तलाठी येऊन 'अंशतः' लिहून गेलेला असतो. त्यात त्याची लबाडी नसते, त्याला दिसलं ते त्याने लिहिलं. म्हणून कोणत्याही घरात पहिली सूचना ही, की माती उपसण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या, चौथऱ्याची लांबी-रुंदी कागदावर लिहा, आणि भिंत नंतर पडली तर त्याच दिवशी मामलेदाराला लेखी अर्ज देऊन फेरपंचनामा मागा. अर्जाच्या प्रतीवर पोचशिक्का घ्यायला विसरू नका.

त्याच निकषांत आणखी एक अट आहे: घर अधिकृत बांधकाम असलं पाहिजे. आता मुंडकाराचा विचार करा. भाटकाराच्या जमिनीत आजोबांपासून राहतो, घरपट्टी भरतो, पण एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर नाव भाटकाराचं. १९७५ चा मुंडकार कायदा त्याला संरक्षण देतो, घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क देतो, पण मामलेदाराकडे नोंद झालेली नसेल तर पुराच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात दाखवायला काही नसतं. त्याला पंधरा दिवसांचा तांदूळ मिळेल. भिंत मिळणार नाही. कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या सामूहिक मालकीच्या जुन्या संस्थेच्या, जमिनीवरच्या घरांचीही हीच गत. अशा माणसाला पुढच्या पावसाळ्यातही तांदूळच देत राहायचं, की त्याचा मुंडकाराचा अर्ज भरून द्यायचा? ज्याने त्याच्या दारात जाऊन यादी लिहिली त्याला दुसरा पर्याय टाळता येत नाही.

इथेच कॅथलिक सामाजिक शिकवण कामाला येते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढलं, तेव्हापासून ती लेखी स्वरूपात आहे. कामगाराला न्याय्य वेतन हा त्याचा हक्क, दानधर्म नव्हे, हे त्यात स्पष्ट होतं. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ मध्ये दोन्ही बाजू एकत्र मांडल्या: चर्चने राज्यसंस्थेची जागा घ्यायची नाही, राजकीय लढाई स्वतःच्या अंगावर घ्यायची नाही, पण न्यायाच्या प्रश्नात कडेलाही बसायचं नाही. त्याच परिपत्रकात, धर्म पसरवण्याचं साधन म्हणून सेवा करू नये असंही बजावलेलं आहे. मदतीमागे धर्मांतर असतं का, हे तुमच्यातले बरेचजण हळू आवाजात विचारतात, त्याचं उत्तर इथेच आहे. आंतरराष्ट्रीय कारितास १९९४ च्या रेड क्रॉस आचारसंहितेच्या पुरस्कर्त्यांपैकी आहे, आणि त्या संहितेत मदत धर्म-जात न पाहता गरजेप्रमाणे आणि कोणताही धार्मिक हेतू न ठेवता द्यायची असते. कोणी पोत्यासोबत प्रार्थनेचं पत्रक देत असेल तर तो चर्चचाच नियम मोडतो, आणि त्याची तक्रार जरूर करा. उघडी यादी त्यासाठीही उपयोगी पडते.

आता खाजनाचं. गोव्याच्या नद्यांत भरती आत खूप वरपर्यंत चढते. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाण्याला समुद्राकडे वाट राहत नाही. ते पसरायला जागा म्हणजे खाजन. बांधातल्या मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीची, लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. माणसाने हातही लावावा लागत नाही. पण दाराची फळी कुजली, बांधाला भगदाड पडलं किंवा आतल्या शेतात भराव पडला, की तेच पाणी वरच्या वाड्यावर चढतं. तीन पावसाळ्यांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर तीच बारा घरं पुन्हा पुन्हा दिसतात, आणि चौथ्या यादीत नवी पाच आली असतील तर वरच्या अंगाला काय कापलं आणि खालच्या अंगाला काय भरलं ते पाहावं लागतं. डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली परवानगी लागते. ती होती का, हे विचारणं हा गावकऱ्याचा अधिकार आहे. गोव्यात आर्चडायोसिसची, म्हणजे आर्चबिशपच्या धर्मप्रांताची, सामाजिक न्याय आणि शांती परिषद असले प्रश्न हाताळते. पण परिषदेचं निवेदन गावच्या यादीशिवाय पोकळ ठरतं.

गोव्यात सर्वसाधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांतल्या रविवारी असते. पुरानंतरची कामाची सभा म्हणजे ऑक्टोबरची. तिला जायच्या आधी माहिती अधिकारात तीन गोष्टी मागवून ठेवा: पंचनाम्यांच्या प्रती, मंजूर रकमांची यादी, आणि वरच्या डोंगरकापणीला दिलेल्या परवानगीची प्रत. उत्तराला तीस दिवस लागतात, म्हणून अर्ज ऑगस्टअखेर गेला पाहिजे. चतुर्थीच्या गडबडीत तो राहून जातो. सभेत प्रश्न तोंडी विचारला तर इतिवृत्तात त्याची एक ओळ होते किंवा तीही होत नाही. लिहून आणा, सचिवाकडून पोच घ्या, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त वाचलं जाईल तेव्हा आपला प्रश्न शब्दशः आला आहे का ते ऐका. ज्या मुंडकाराचं घर गेलं त्याने स्वतः बोलावं. त्याच्या शेजारी कागद धरून कोणीतरी उभं राहिलं, मग ते चर्चचं असो वा देवस्थानाचं, की तो बोलतो.