गोळ्या किती उरल्यात?

अण्णांच्या उशाखाली बीपीची पट्टी सापडली तेव्हा तिच्यात नऊ गोळ्या शिल्लक होत्या. हिशोबाने ती दोन महिन्यांपूर्वीच संपायला हवी होती. मी नर्स, गावोगाव फिरून लोकांचं बीपी मोजते, आणि माझ्याच वडिलांनी गोळी सोडलेली मला कळली नाही.

आधीच्या तपासणीत त्यांचं बीपी १३०/८० आलं होतं. ते उतरलं होतं गोळीमुळेच. अण्णांना वाटलं, आता बरं झालं. गोळी थांबली तसं ते पुन्हा चढत गेलं, पण चढताना ना डोकं दुखलं ना चक्कर आली. शेतातलं कामही रोजच्यासारखं चालू होतं. त्या दिवशी सकाळी सहाला ते चांगले बोलले आणि साडेसहाला उजवा हात उचलेना, तोंड वाकडं झालं. पक्षाघाताचा झटका होता तो. आईने घाबरून हात चोळला, पाणी पाजायला गेली. अशा वेळी गिळताना पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे तिला कोण सांगणार? मीच सांगायला हवं होतं.

मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, ते पाहावं लागतं. गाडी मिळेपर्यंत, मग एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवलं जाईपर्यंत आमची ती वेळ निघून गेली. अण्णा वाचले. बोलणं थोडं परतलं, हात नाही.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न बदलला. पूर्वी मी पट्टा गुंडाळायच्या आधी विचारायची, "बरं वाटतंय ना?" बीपीच्या माणसाला हा प्रश्न विचारून काहीच कळत नाही. आता विचारते, "गोळ्या किती उरल्यात? आणून दाखवा." जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगात बीपी असलेल्या पाच प्रौढांमागे साधारण एकाचंच ते आटोक्यात आहे. माझ्या वहीतली पानं चाळली की मला हे खरं वाटतं. गोळी सोडणारे सगळेच निष्काळजी नसतात. कुणाची पट्टी संपते आणि कामाच्या दिवसांत लांबच्या दवाखान्यात जाणं होत नाही. कुणाचे पाय अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने सुजतात. पाय सुजले म्हणून गोळी बंद करायची नसते, डॉक्टरांकडून बदलून घ्यायची असते. पण हे कुणी समजावलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. दिवसभर वाकून काम करणाऱ्यांची कंबर, गुडघे धरतात आणि ते रोज दुखीची गोळी घेतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या बीपी वाढवतात, बीपीच्या औषधाचा जोर कमी करतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. एका मावशींचं बीपी तीन भेटींत १६० च्या खाली येईना. औषध वाढवायचं ठरत होतं, तेवढ्यात पदराच्या गाठीतून दुखीची गोळी निघाली. ती बंद केल्यावर पुढच्या महिन्यात आकडा उतरला. मूत्रपिंड नीट चालतंय का हे सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन मात्र मी आता मुद्दाम तपासून घेते.

मोजण्याचीही घाई करत नाही. माणूस चालत आलेला असेल तर आधी पाच मिनिटं गप्प बसवते. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, आणि अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको. बाहीवरून पट्टा बांधून घेतलेल्या आकड्यावर कुणाला जन्मभराची गोळी लावायला माझा जीव धजत नाही. म्हणून दोनदा मोजते, आणि १४०/९० च्या वर आलं तर पुन्हा दुसऱ्या दिवशी बोलावते.

आईलाही आता बीपी निघालंय. तिची पट्टी गुरुवारी संपते, म्हणून बुधवारी मीच नवीन आणून ठेवणार आहे.