मांडव उतरवताना फुलांचं काय करायचं

संध्याकाळचा स्वागत समारंभ संपला की मंगल कार्यालय रिकामं करून द्यायला जेमतेम दोन-तीन तास मिळतात, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे दुसरं लग्न असतं. मंडपवाल्यांची पोरं आधी लाइट काढतात, मग पडदे, आणि फुलांच्या माळा वरून कापून सरळ खाली सोडतात. खाली अक्षता, पाण्याच्या बाटल्या, रिबिनी, आइस्क्रीमच्या वाट्या. खराट्याने सगळं एका ढिगात आलं की त्या फुलांना फक्त घंटागाडीची वाट उरते. रात्री अकरा वाजता नवऱ्यामुलाच्या मामाने कितीही धावपळ केली तरी तो ढीग कुणी निवडत बसत नाही.

म्हणून ही बोलणी डेकोरेटरकडे बयाणा देतानाच करावी लागतात. माळा सुती दोऱ्यात ओवलेल्या हव्यात, नायलॉनच्या नकोत. नायलॉनची माळ सोडवताना प्रत्येक फूल हाताने ओढावं लागतं, आणि खतात तो दोरा वर्षानंतरही जसाच्या तसा सापडतो. रंग फवारलेली फुलं नकोत: निळी ऑर्किड, चमकी मारलेली शेवंती वगैरे. आणि हिरवा फोम नको. पाणी शोषणारी ती वीट दिसते मातीसारखी, पण असते फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्लास्टिक. हाताने चुरगळली तरी कुजत नाही, फक्त बारीक होत जाते. त्याऐवजी केळीचा खांब आडवा ठेवून त्यात दांड्या खोचता येतात. खांबात स्वतःचं पाणी असतं, एक दिवस फुलं छान तग धरतात आणि नंतर तो खांबही खतात जातो. जुन्या मंडपवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. मोठ्या कमानीसाठी तारेच्या जाळीची गुंडाळी आणि मागे दांड्या बुडवायला पाण्याच्या नळ्या हा दुसरा मार्ग.

आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्या: फुलं तुमची की डेकोरेटरची? ऑर्किड, कार्नेशन, अँथुरियम ही महागडी फुलं पुष्कळदा तो परत नेतो आणि दुसऱ्या दिवशीच्या कामाला लावतो. त्यात वावगं काही नाही, उलट फूल दोनदा वापरलं जातं. पण मग तसा हिशोब दरातही दिसायला हवा.

उतरवण्याची जबाबदारी घरातल्या दोन माणसांवर नावानिशी सोपवा. त्यांच्याजवळ कात्र्या, भाजीचे सात-आठ क्रेट आणि कांद्याच्या जाळीदार गोण्या असाव्यात. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या अजिबात नकोत, सगळ्यात जास्त फुलं तिथेच नासतात. तोडलेलं फूलही श्वास घेत असतं. पिशवीत दाबून बांधलं की उष्णता आणि वाफ आतच कोंडते, आणि सकाळी पिशवी उघडावी तर आत गरम, तपकिरी लगदा. जाळीत किंवा क्रेटमध्ये, सैल भरलेली तीच फुलं रात्रभर गच्चीवर नीट राहतात.

निवडताना तीन वाटे पुरतात. दांडीची फुलं एकीकडे, झेंडू आणि शेवंती दुसरीकडे, बाकी सगळं तिसरीकडे. गौरीहराची आणि देवकाच्या पूजेची फुलं मात्र वेगळ्या परडीत काढा. ती निर्माल्य आहेत आणि घरातल्या मोठ्यांना ती इतर फुलांत मिसळलेली आवडत नाहीत. तुळशीच्या किंवा झाडाच्या बुंध्याशी मातीखाली घातली की झालं, नदी-विहिरीत सोडू नयेत. स्टेजची फुलं “देवळात देऊन टाकू” असं कुणीतरी म्हणतंच, पण शिळी, हाताळलेली फुलं पूजेला चालत नाहीत. पुजारी नको म्हणाले तर त्यांचं काही चुकत नाही.

दांडीची फुलं कुणाला द्यायची असतील तर ती त्या रात्रीच पाण्यात गेली पाहिजेत. प्रत्येक दांडी खालून दोन-तीन सेंटिमीटर तिरकी कापायची, शक्यतो पाण्याखाली धरून, कारण फोममध्ये खोचलेल्या दांडीचं तोंड कणांनी आणि हवेने बुजलेलं असतं. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, नाहीतर ती कुजून पाण्याला वास येतो. एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस पुरे. पाणी रोज बदलायचं. जरबेराला मात्र बरणी भरून पाणी देऊ नका. त्याची दांडी लवदार आणि मऊ असते, खोल पाण्यात ती सडते आणि मान मोडते. चार बोटं पाणी बास. लिलीचे पुंकेसर चिमटीने काढा, नाहीतर परागाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत. ज्या घरी मांजर आहे तिथे लिली देऊच नका, मांजरासाठी ती विषारी आहे. कार्नेशन फळांच्या टोपलीजवळ ठेवलं की लवकर मिटतं, कारण पिकणाऱ्या केळी-आंब्यांतून इथिलीन वायू सुटतो.

वृद्धाश्रम, मुलींचं वसतिगृह, जवळचं वाचनालय अशा ठिकाणी आधी फोन करून विचारा. दीडशे दांड्यांचा भारा नेऊन दारात टाकला तर ती मदत होत नाही, तिथल्या मावशींचं काम वाढतं. धुतलेल्या काचेच्या बाटल्यांत पाच-पाच, सात-सात दांड्या लावून नेल्या की प्रत्येक खाटेशेजारी एक ठेवता येते. बाटल्या परत मागू नका. रुग्णालयांचं वेगळं आहे. अतिदक्षता विभाग, भाजलेल्या रुग्णांचा कक्ष आणि कर्करोगाचे रुग्ण असतात तिथे ताजी फुलं नेऊ नयेत, फुलदाणीच्या पाण्यात वाढणारे जिवाणू त्यांना घातक ठरू शकतात.

आता झेंडू. आपल्याकडच्या लग्नात वजनाने सगळ्यात जास्त तोच असतो आणि सगळ्यात जास्त उपयोगही त्याचाच. त्याच्या पाकळ्यांतला पिवळा रंग कापडावर खरोखर टिकतो. मुंबईत आदिव प्युअर नेचर ही नैसर्गिक रंगकाम करणारी संस्था सिद्धिविनायक मंदिरातल्या फुलांपासून कापड रंगवत आली आहे. घरी तेच काम छोट्या प्रमाणात करायला एक रविवार आणि दोन रात्री लागतात.

२०० ग्रॅम सुती कापडाचा हिशोब देतो, म्हणजे साधारण एक उपरणं आणि चार-पाच रुमाल. पॉलिस्टर किंवा टेरिकॉट रंग घेत नाही, तेव्हा आधी एक दोरा जाळून बघा. तो वितळून गोळी झाली तर ते कापड बाजूला ठेवा.

कोरं कापड धुण्याच्या सोड्याचा एक चमचा घातलेल्या पाण्यात तासभर उकळा. पाणी चहासारखं पिवळट होतं, ती खळ आणि मेण निघतंय. ही पायरी गाळली तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो, आणि लोक दोष फुलांना देतात. स्वच्छ धुतल्यावर ४० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून, गाळून, त्यात कापड दोन तास बुडवून ठेवा. सुताला तुरटी स्वतःहून धरून ठेवता येत नाही, हिरड्यातलं टॅनिन तिला पकड देतं. कापड फिकट साईच्या रंगाचं होईल. न धुता फक्त पिळा. मग ३० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवा आणि वर चार ग्रॅम धुण्याचा सोडा चिमटीचिमटीने टाका. फेस उसळतो, म्हणून भांडं निम्मंच भरलेलं असू द्या. फेस बसला की कापड त्यात रात्रभर.

दुसऱ्या दिवशी झेंडूच्या पाकळ्या देठाकडच्या हिरव्या भागापासून वेगळ्या करा. हिरवा भाग राहिला तर पिवळा मळकट होतो. ६०० ग्रॅम ताज्या पाकळ्या सात-आठ लिटर पाण्यात पाऊण तास उकळा आणि पंचातून गाळून घ्या. एखादी पाकळी राहिली तरी कापडाला चिकटून गडद डाग पाडते. कापड हलकं धुऊन ओलंच त्या रंगात सोडा, मंद आचेवर तासभर ठेवा, लाकडी काठीने फिरवत राहा आणि तसंच निवू द्या. भांडं स्टीलचं हवं. लोखंडी कढई, गंजलेली बादली, अगदी गंज उतरलेलं नळाचं पाणीसुद्धा हिरडा लावलेल्या कापडावर करडे-काळे डाग पाडतं, आणि ते निघत नाहीत. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

मोहरीच्या फुलासारखा पिवळा येतो. मेंदीच्या पानाकडे झुकणारा हिरवट रंग हवा असेल तर गरम पाण्यात फक्त दोन ग्रॅम हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, विरघळवून कापड पाच मिनिटं बुडवा. हात सैल सोडला तर मेंदीऐवजी राखी रंग मिळेल. रेशमाला हिरड्याची गरज नाही, वजनाच्या १५ टक्के तुरटी पुरते. पण रेशीम उकळायचं नाही, पाण्यातून नुसती वाफ येत राहील इतकीच आच, नाहीतर चकाकी जाते. सावलीत वाळवा. पहिल्या धुण्यांना रिठा वापरा. साबणाची पूड अल्कधर्मी असते, तिने पिवळ्याचा नारिंगी होतो. झेंडूचा रंग धुण्यात बरा टिकतो, उन्हात कमी. खिडकीच्या पडद्यासाठी तो निवडू नये.

अंतरपाट रंगवावा असं पुष्कळांच्या मनात येतं, कल्पना सुंदरच आहे. अडचण कुंकवाच्या स्वस्तिकाची. बाजारातलं रासायनिक कुंकू पाण्यात सुटून सगळं कापड गुलाबी करतं, आणि हळदीचं खरं कुंकू तुरटीच्या आंबटपणात परत पिवळं पडतं. तेव्हा लग्नाआधीच स्वस्तिक भरतकामाचं करून घ्या, तेही लाल पॉलिस्टर दोऱ्याने. झेंडूचा रंग तो दोरा घेत नाही. भोवतीचं कापड पिवळं होतं आणि स्वस्तिक लालच राहतं.

लगेच वेळ नसेल तर पाकळ्या वाळवून ठेवा. सावलीत, चादरीवर, एकाच थरात, पंख्याखाली चार-पाच दिवस. फुलांत ८५ ते ९० टक्के पाणीच असतं, त्यामुळे किलोभर पाकळ्यांचे हाती शंभर-दीडशे ग्रॅमच येतात. त्या कुरकुरीत मोडल्या तरच बरणीत भरा. कोकणात, मुंबईत आणि पावसाळ्यात कुठेही, थोडा ओलावा राहिला की आठवड्यात बुरशी येते.

उरलेलं सगळं खतात: शेवंती, निशिगंध, गुलाब, हिरवळ, रंगाचा गाळ. नुसती फुलं ड्रममध्ये भरली तर चार दिवसांत चिखल होतो. एक टोपली फुलांना दोन टोपल्या वाळलेला पाला हे माप डोळ्यांनीच धरा, वजनाने नाही. तळाशी काटक्या, मग पाला, फुलं, पाला असे थर. भोकं पाडलेल्या २०० लिटरच्या ड्रमला किलोभर शेण आणि लिटरभर आंबट ताक दहा लिटर पाण्यात कालवून घेतलं की विरजण तयार, पण तेवढं सगळं ओतू नका, थर भिजतील इतकंच शिंपडा. दोन-तीन दिवसांत हात घातला तर ढीग गरम लागला पाहिजे. दर चार-पाच दिवसांनी उलथवा. मूठभर घेऊन दाबलं तर बोटांत ओल जाणवावी, थेंब गळू नये. कुजक्या अंड्याचा वास आला तर आत हवा नाही, उलथवा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पाला कमी पडलाय. अक्षतांचे तांदूळ आत गेले तर उंदीर येतात, म्हणून झाडलेली फुलं आधी चाळणीवर धरा. टाचण्या आणि तारा चुंबक फिरवून काढा. दीड-दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत मिळतं.

मैदानात किंवा रस्त्यावर मांडव घालून शंभराहून जास्त माणसं जमणार असतील, तर २०१६च्या घनकचरा नियमांनी आयोजकावर पालिकेला तीन कामकाजाच्या दिवसांआधी कळवण्याची आणि कचरा जागेवरच वेगळा करण्याची जबाबदारी टाकली होती. पालिकेला कळवतानाच ओल्या कचऱ्याची गाडी वेगळी मागून घ्यावी.

काही गोष्टी करू नका असंच सांगतो. डच गुलाबाचा गुलकंद करू नका. पॉलिहाउसमधल्या त्या फुलांवर फवारण्या खाण्याच्या पिकाच्या हिशोबाने झालेल्या नसतात, आणि बहुतेकांना वासही नसतो. त्यांचं गुलाबपाणीही म्हणूनच निघत नाही. गोशाळेत हार नेऊन टाकू नका. गाय चावून-निवडून खात नाही, टाचणी किंवा तारेचा तुकडा पोटात जातो आणि जठराच्या भिंतीतून थेट हृदयापर्यंत पोचू शकतो. कानपूरची ‘फूल’ कंपनी मंदिरांतल्या फुलांच्या उदबत्त्या करते, पण घरी नुसत्या पाकळ्यांची पूड जाळली तर वाळला पाला जाळल्यासारखाच वास येतो. सुगंध वरून घातलेल्या तेलाचा असतो. मोगरा आणि निशिगंध तोडल्यावरही सुगंध सोडत राहतात, म्हणून तिळाच्या तेलात मुरवायचे असतील तर त्याच संध्याकाळी, ताजे. रात्रभर डोक्यात राहिलेल्या गजऱ्यात मुरवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

राहिली वरमाला. ती आख्खी जपून ठेवू नका. जाड हाराच्या आत ओल अडकते आणि कपाटात ठेवलेला हार आतून काळा पडतो. त्याच रात्री दोरा कापून दहा-पंधरा चांगली फुलं निवडा आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या खड्यांत पूर्ण गाडून ठेवा. गुलाबाला पाच-सहा दिवस लागतात, ऑर्किडला आठवडा. लाल गुलाब वाळल्यावर काळपट दिसतो, म्हणून हारातली गुलाबी किंवा पिवळी फुलं आधी निवडा. रेझिनमध्ये बसवायची असतील तर फूल कागदासारखं वाजायला हवं, कारण आत राहिलेलं थोडंसं पाणीही काही महिन्यांत त्याला तपकिरी करतं. हाराची बाकीची फुलं दोऱ्यासकट ड्रममध्ये टाकली तरी चालतील. दोरा सुती आहे हे तुम्ही बयाणा देतानाच बघितलेलं आहे.